सर्जनशीलता, शिस्त आणि श्रद्धा : मराठी मुलखातील ख्रिस्ती कलावंतांच्या साधनेचा विचार

प्रास्ताविक

धर्मश्रद्ध कलावंताविषयी मराठी समीक्षेत दोन समज दीर्घकाळ रूढ आहेत. पहिला समज असा की, श्रद्धा ही मुळातच शिस्त असल्यामुळे ती कलावंताच्या स्वातंत्र्यावर मर्यादा आणते आणि म्हणून धर्मप्रेरित रचना ही प्रचाराच्या जवळ जाते. दुसरा समज याच्या नेमका उलट आहे. श्रद्धा उत्कट असली की कला आपोआप उमलते, तिला तंत्राची, सरावाची, घडणीची फारशी आवश्यकता नसते, असे त्यात गृहीत धरलेले असते. संतसाहित्याच्या अभ्यासाने हे दोन्ही समज बऱ्याच अंशी दूर झाले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या संदर्भात आज कोणीही अभ्यासक भक्ती आणि काव्य यांना परस्परविरोधी मानत नाही. परंतु मराठी मुलखातील ख्रिस्ती कलावंतांचा विचार करताना हे समज पुन्हा डोके वर काढतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा परिचय क्रमिक पुस्तकांतून 'फुलामुलांचे कवी' म्हणून होतो. त्यांच्या धार्मिक रचनेचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. उलटपक्षी, चर्चमध्ये त्यांची गीते पिढ्यान् पिढ्या गायली जातात, पण तेथे ती कविता म्हणून क्वचितच वाचली जातात. एकीकडे कविता आहे पण श्रद्धा वगळलेली, तर दुसरीकडे श्रद्धा आहे पण कवितेकडे दुर्लक्ष, अशी ही विभागणी आहे.

प्रस्तुत लेखात या विभागणीचा फेरविचार करण्याचा प्रयत्न आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची पूर्वपीठिका ध्यानात घेऊन ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि चित्रकार आंजेलो द फोन्सेका या तीन कलावंतांच्या साधनेत सर्जनशीलता आणि शिस्त यांचे नाते कोणत्या स्वरूपात प्रकट होते, याची येथे चर्चा केली आहे. श्रद्धेमुळे या कलावंतांची प्रतिभा आकुंचित झाली काय, आणि झाली असल्यास ती नेमकी कोणत्या प्रकारच्या शिस्तीमुळे, हा या चर्चेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

शिस्तीचे तीन अर्थ

या विषयावरील चर्चेत पुष्कळ गोंधळ होतो तो 'शिस्त' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरल्यामुळे. पहिली शिस्त माध्यमाची. ओवीचे चरण, अभंगाची अक्षरसंख्या, जलरंगाचा कागद आणि पाणी यांचे स्वतःचे नियम असतात आणि ते कलावंताच्या मतांची पर्वा करीत नाहीत. दुसरी शिस्त संस्थेची. मिशन, चर्च, मठ, त्यांचे वेतन, त्यांची मान्यता आणि त्यांचा रोष यांचा तीत समावेश होतो. तिसरी शिस्त कलावंताने स्वतः स्वीकारलेली असते. नित्य उपासना, साधी राहणी, हाती घेतलेले काम वर्षानुवर्षे न सोडणे, ही तिची रूपे आहेत.

संस्कृतात 'अनुशासन' आणि 'शिष्य' हे दोन्ही शब्द 'शास्' या एकाच धातूपासून आलेले आहेत. ख्रिस्ती परंपरेतही शिस्तीचे मूळ शिष्यत्वात आहे. गुरूच्या मागे चालणे म्हणजे शिस्त, असा तिचा मूळ अर्थ आहे. नियमपुस्तक हे त्यानंतरचे. बायबलच्या नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानात धन्याने चाकरांच्या स्वाधीन केलेल्या द्रव्याचा दृष्टान्त आहे. मिळालेले द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणारा चाकर तेथे दोषी ठरतो. ख्रिस्ती कलावंताच्या दृष्टीने हा दृष्टान्त महत्त्वाचा आहे, कारण प्रतिभा ही सोपवलेली ठेव आहे आणि तिचा वापर न करणे हाच अपराध आहे, असे त्यातून सूचित होते. या दृष्टीने पाहता सर्जन हेच शिष्यत्वाचे एक रूप ठरते. पुढील विवेचनात शिस्तीचे हे तीन अर्थ वेगळे ठेवूनच विचार केला आहे.

ओवीची पूर्वपीठिका : फादर स्टीफन्स

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंतचा बहुतेक काळ साष्टी भागात राहिले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची आणि दुसऱ्यात नव्या कराराची कथा आहे. नवख्रिस्ती समाजाची पूर्वीची पुराणे त्याच्यापासून दुरावली होती. त्या रिकाम्या जागी वाचण्या-ऐकण्यासारखे काही हवे, ही या ग्रंथामागील तातडीची गरज होती.

येथे लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे स्टीफन्स यांनी केलेली माध्यमाची निवड. युरोपीय महाकाव्याचा साचा मराठीवर लादण्याऐवजी ते ग्रंथी ओवीकडे विद्यार्थी म्हणून गेले. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण ही ओवीची मांडणी, पुराणाची श्रोता-वक्ता संवादाची पद्धत, स्वर्गासाठी 'वैकुंठ'सारखा रुळलेला शब्द, हे सर्व त्यांनी आत्मसात केले. परक्या भाषेच्या छंदापुढे धर्मोपदेशकाने शिष्य होणे, ही माध्यमाची शिस्त त्यांनी मनापासून पत्करली. मराठी भाषेच्या थोरवीचे जे सुप्रसिद्ध वर्णन या ग्रंथात येते, ते या शिष्यत्वाचेच फळ मानावे लागते.

संस्थेची शिस्त मात्र निराळ्या दिशेने गेली. ज्या सत्तेच्या आश्रयाने हा ग्रंथ छापला गेला, त्याच पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये फर्मान काढून स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमधून आणि भाविकांच्या पठणातून. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी रोमन आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती. सत्तेच्या फर्मानापेक्षा ओवीचा छंद अधिक चिवट ठरला, ही घटना पुढील तीनही कलावंतांचा विचार करताना आठवणीत ठेवण्यासारखी आहे.

ना. वा. टिळक : अभंगाचा बंध आणि मिशनचा बंध

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेले. 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

धर्मांतरानंतर टिळकांसमोर भाषेचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी मराठी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या गीतांमध्ये इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा भरणा होता. चाली परक्या, शब्द मराठी, आणि दोहोंच्या ओढाताणीत अर्थाची परवड, अशी त्यांची अवस्था होती. टिळकांनी या ठिकाणी अभंग, पद आणि कीर्तन यांचा अवलंब केला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. या भूमिकेचा अर्थ केवळ भावनिक ऋणनिर्देश एवढाच घेतला जातो. वस्तुतः तिच्यात काव्यशास्त्रीय निर्णयही अंतर्भूत आहे.

मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक साधले जाते. बावीस अक्षरांच्या या जागेत विचार मांडायचा, तो श्रोत्याच्या मनात ठसवायचा आणि आखूड चौथ्या चरणात तो थांबवायचा, ही कसोटी सोपी नाही. उपदेशकाला लांब बोलण्याची सवय असते. अभंग त्याला आवरते घ्यायला लावतो. टिळकांच्या दीर्घ बोधपर रचना आज वाचताना जो पसरटपणा जाणवतो, तो त्यांच्या अभंगांत फारसा आढळत नाही, याचे कारण या बंधातच शोधावे लागते. 'दास म्हणे' ही नाममुद्राही या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ती वारकरी परंपरेतील नाममुद्रेची जागा घेते, पण कवीचे नाव पुसून केवळ नाते शिल्लक ठेवते. कवीने स्वतःला मागे घेण्याची ही शिस्त छंदातच गुंफलेली आहे.

ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणण्याचे टिळकांचे धाडस याच संदर्भात पाहिले पाहिजे. 'माउली' या शब्दामागे ज्ञानदेवांपासूनची परंपरा आहे. युरोपीय धर्मशास्त्राच्या परिभाषेत येशूला आई म्हणणे हे रूढ नव्हते. अभंगात मात्र ते अगदी स्वाभाविक होते. छंदाने स्वतःबरोबर आणलेल्या शब्दसंपत्तीमुळे कवीला श्रद्धेचा असा एक पैलू दिसला की जो भाषांतरित गीतांतून दिसला नसता. माध्यमाची शिस्त ही सर्जनाला अडथळा न ठरता नव्या अर्थाची वाट कशी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि टिळकांच्या बाबतीत शिस्तीची चर्चा एवढ्यावर संपत नाही. त्यांचा स्वभाव अस्थिर होता. पैशाचा हिशेब न ठेवणारे, चटकन रागावणारे, तितक्याच चटकन विरघळणारे आणि दाराशी आलेल्या कोणालाही घरात घेणारे टिळक 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना चांगले परिचित आहेत. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी मिळालेला आश्रय हा मराठी काव्याच्या इतिहासातील सुखद योग आहे. परंतु अशा स्वभावाला दीर्घ पल्ल्याचे काम पेलणे कठीण असते. 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचा आरंभ टिळकांनी १९०९ मध्ये केला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा दहा वर्षांत त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. याच काळात त्यांच्या लहान रचना मात्र विपुल प्रमाणात होत होत्या. अभंगाचा आखूड बंध त्यांच्या उसळत्या प्रतिभेला मानवला. महाकाव्याला लागणारी रोजच्या बैठकीची शिस्त त्यांच्याजवळ नव्हती. हा दोष श्रद्धेचा नसून स्वभावाचा आहे. टिळकांच्या गौरवपर लेखनात तो बहुधा झाकला जातो.

संस्थेच्या शिस्तीशी त्यांचा संबंध अधिक गुंतागुंतीचा होता. मिशनने त्यांना उपजीविका दिली, 'ज्ञानोदया'चे व्यासपीठ दिले आणि गाणारी मंडळीही दिली. परंतु ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे, ही समाजात रूढ झालेली समजूत त्यांना सलत होती आणि वेतनदार धर्मसेवक ही आपली भूमिका त्या समजुतीला बळ देते, असेही त्यांना वाटू लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात सामावून घेण्याची त्यांची कल्पना होती. यात बंडखोरीपेक्षा शिस्तीचा पालट अधिक आहे. बाहेरून आलेली शिस्त टाकून त्यांनी त्याहून कठोर अशी स्वतःची शिस्त पत्करली. आयुष्याची अवघी दोनच वर्षे उरली होती, त्यामुळे या पालटाचे काव्यातील पूर्ण फळ पाहायला मिळाले नाही.

लक्ष्मीबाई टिळक : दुसऱ्याच्या चौकटीतील सर्जन

टिळकांच्या अपूर्ण महाकाव्याची कथा येथे संपली असती, तर ती मराठी वाङ्मयातील अनेक अपुऱ्या संकल्पांपैकी एक ठरली असती. तसे झाले नाही. लक्ष्मीबाईंनी हे काम अंगावर घेतले आणि चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले. अध्यायसंख्येचाच विचार केला तरी या काव्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे, हे उघड आहे.

लक्ष्मीबाईंना औपचारिक शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या स्त्रीला पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहावे लागले. पुढे त्या परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय पतीच्या मागे जाण्याचा नव्हता. जातिभेदाचा विचार स्वतःच्या मनाशी करून, त्याचा निकाल स्वतः लावून त्या तेथवर आल्या, हे 'स्मृतिचित्रे'त स्पष्ट दिसते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ गद्यग्रंथांत गणले जाते. त्याचे यश बोलीचा बाज, विनोद आणि स्वतःविषयीची निर्दय प्रामाणिकता यांत आहे, याबद्दल समीक्षकांत एकमत आहे.

परंतु या एकमताचाच एक परिणाम असा झाला की, लक्ष्मीबाई म्हणजे सहजस्फूर्त लेखिका, असे त्यांचे चित्र रूढ झाले. 'न शिकताही लिहिलेले' हे कौतुक वरवर गौरवाचे वाटते, पण ते लेखिकेच्या श्रमांवर पडदा टाकते. चौसष्ट अध्याय स्फूर्तीच्या एका झटक्यात होत नाहीत. वैधव्यात, संसाराची आणि नातवंडांची जबाबदारी सांभाळून, ओवीचे चरण जुळवत हे काम वर्षानुवर्षे रेटावे लागते. टिळकांना जी दीर्घ बैठक साधली नाही, ती लक्ष्मीबाईंना साधली. ही शिस्त कोणत्याही शाळेने वा मिशनने त्यांना शिकवली नव्हती. कवीच्या लहरींवर चालणारे घर रोज उभे ठेवणे, असेल त्यात भागवणे, आलेल्या-गेलेल्याला जेवू घालणे, यांतून जी चिकाटी त्यांच्या अंगी आली, तीच पुढे काव्याच्या कामी आली, असे म्हणणे वावगे होणार नाही. टिळकांच्या सर्जनाचे स्वातंत्र्यही या दैनंदिन शिस्तीवरच उभे होते. कलावंताच्या शिस्तीची चर्चा करताना ती शिस्त प्रत्यक्षात घरातील कोणी पाळली, हा प्रश्न विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

'ख्रिस्तायना'च्या संदर्भात लक्ष्मीबाईंवर तीन बंधने होती. कथा शुभवर्तमानांनी ठरवून दिलेली होती आणि तीत फेरबदलाला वाव नव्हता. काव्याचा आराखडा पतीने आखलेला होता. छंद परंपरेने दिलेला होता. इतक्या बंधनांत सर्जनाला जागा कोठे उरते, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर असे की, पुराणकाव्याच्या परंपरेत कथानकाचे नावीन्य हा निकष कधीच नव्हता. एकनाथांच्या भावार्थरामायणाचे श्रेष्ठत्व राम-रावणांच्या कथेत नवी घटना घातल्यामुळे सिद्ध होत नाही. कोठे थांबायचे, कोणाच्या मनात शिरायचे, कोणता प्रसंग घरातल्या भाषेत सांगायचा, यांवर ते अवलंबून असते. शिवाय ओवी हा मराठी स्त्रीचा स्वतःचा छंद आहे. ग्रंथी ओवी पंडितांची असली तरी जात्यावरची ओवी पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनीच जोपासली. त्यामुळे पतीच्या चौकटीत शिरताना लक्ष्मीबाई परक्या घरात शिरत नव्हत्या.

काव्यात लेखणी जेथे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्या सांध्याचा बारकाईने अभ्यास होणे आवश्यक आहे. 'टिळकांचे अपुरे राहिलेले व पत्नीने पुरे केलेले काव्य' हे नेहमीचे वर्णन पत्नीधर्माचा गौरव करते, पण कवयित्रीला तिचा अधिकार देत नाही. 'स्मृतिचित्रे' आणि 'ख्रिस्तायन' ही एकाच लेखिकेची दोन अंगे आहेत. पहिल्यात ती मोकळी बोलते, दुसऱ्यात ती बंधन स्वीकारते. दोहोंचा एकत्र विचार झाल्याखेरीज तिच्या प्रतिभेचे मोजमाप अपुरेच राहील.

आंजेलो द फोन्सेका : पाण्याची शिस्त आणि आश्रमाची शिस्त

शब्दांच्या माध्यमातून रंगांच्या माध्यमाकडे वळले असता हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुढे येतो. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांतु इस्तेव्ह या बेटावर झाला. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाकडे आणि तेथून समाधान न झाल्याने बंगालकडे वळले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात त्यांची दृष्टी घडली.

बंगाल शैलीतील 'वॉश' पद्धतीचे स्वरूप येथे समजून घेणे उपयुक्त ठरेल. कागदावर पारदर्शक जलरंगाचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, कागद पाण्यात भिजवून जादा रंग निघून जाऊ द्यायचा आणि मग त्यावर पुढचा थर द्यायचा, अशी ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. घाईला येथे स्थान नाही. चित्रकाराने लावलेल्यापैकी किती ठेवायचे, हे काही अंशी पाणी ठरवते. आपल्या इच्छेचा काही भाग सोडून देण्याची ही शिस्त आणि भक्तीतील समर्पण यांतील साम्य सहज जाणवण्यासारखे आहे. फोन्सेका यांच्या चित्रांतील धूसर, मृदू प्रकाश हा केवळ शैलीचा भाग नसून तो या प्रक्रियेतून आलेला आहे.

१९३० च्या दशकाच्या आरंभी ते गोव्यात परतले. त्यांनी रंगवलेली मरिया साडी नेसलेली, जमिनीवर बसलेली, इथल्या मातीतील स्त्री होती. युरोपीय मूर्तींची सवय झालेल्या तेथील धर्मनिष्ठ समाजाला ती रुचली नाही. हिंदू देवतांच्या चित्रांशी तिचे साम्य दिसते, हा आक्षेप घेतला गेला. टीका इतकी वाढली की त्यांनी गोवा सोडला आणि पुण्यात शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात वास्तव्य केले. आश्रम अँग्लिकन आणि चित्रकार रोमन कॅथलिक, ही गोष्टही बोलकी आहे. आपल्या चर्चमध्ये न मिळालेली जागा त्यांना दुसऱ्या चर्चच्या अंगणात मिळाली.

या ठिकाणी टिळकांच्या आणि फोन्सेकांच्या वाटा अनपेक्षितपणे एकत्र येतात. १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना करणारे जे. सी. विन्स्लो हे टिळकांचे चरित्रकार आणि त्यांच्या रचनांचे इंग्रजी अनुवादक होते. त्यांचे चरित्रलेखन १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती साधनेला भारतीय आश्रमाचे रूप देण्याच्या त्यांच्या प्रयत्नामागे टिळकांच्या अखेरच्या वर्षांतील विचारांची प्रेरणा शोधता येते. 'देवाचा दरबार' अल्पायुषी ठरला, तरी त्यातील कल्पनेला पुण्यातील आश्रमपरंपरेत आश्रय मिळाला आणि त्या परंपरेने एका चित्रकाराला आश्रय दिला.

प्रार्थनेच्या ठरावीक वेळा, साधे अन्न, मौन आणि काम ही आश्रमाची दिनचर्या होती. ही देखील संस्थेचीच शिस्त होती, हे नाकारता येत नाही. परंतु तिने चित्रकाराला वेळ बांधून दिली, विषयाचे रूप ठरवून दिले नाही. ख्रिस्ती शिल्पकलेच्या भारतीय परंपरेसारख्या विषयाकडे न वळता येथे एवढेच नमूद करावे की, मुंबईतील जेझुइट इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. म्हणजे ज्या चर्चच्या स्थानिक समाजाने त्यांना नाकारले, त्याच चर्चमधील दूरदृष्टीच्या व्यक्ती त्यांच्या पाठीशी होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) स्थानिक संस्कृतींना उपासनेत स्थान देण्याचा मार्ग मोकळा केला. त्याआधी सुमारे तीन दशके फोन्सेका हे काम कुंचल्याने करीत होते. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत जतन झाला. ज्या भूमीने चित्रकाराला दूर केले, तेथेच त्याची चित्रे परतली.

फोन्सेका यांच्या कलेवर आक्षेप घेता येतात. मरिया आणि बाळ येशू या विषयाच्या वारंवारतेमुळे काही चित्रे एकमेकांसारखी वाटतात आणि बंगाल शैलीतील हळुवारपणा दुःखाच्या प्रसंगांची धार बोथट करतो. परंतु पुनरावृत्तीचा आक्षेप घेताना पूजाविषयक चित्रकलेचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. जपमाळेतील मण्यांप्रमाणे तोच विषय पुन्हा हाती घेणे ही येथे साधनेची रीत आहे. आधुनिक कलाविचारातील नावीन्याचा निकष तिला जसाच्या तसा लावणे न्याय्य ठरणार नाही.

तुलनात्मक विचार

वरील विवेचनातून काही समान सूत्रे हाती लागतात. माध्यमाच्या शिस्तीने यांपैकी एकाही कलावंताचे नुकसान केलेले नाही. ओवीने स्टीफन्स यांना मराठी केले, अभंगाने टिळकांच्या उपदेशाला आवर घातला आणि त्यांना 'माउली' हा शब्द दिला, पाण्याने फोन्सेकांना थांबायला शिकवले. संस्थेच्या शिस्तीचा परिणाम मात्र संमिश्र आहे. संस्था जेव्हा कलावंताला वेळ, जागा आणि श्रोते देते तेव्हा ती पोषक ठरते. ती रूप ठरवू लागली की कलावंताला तिच्याबाहेर पडावे लागते. साताऱ्याचा संन्यास आणि गोव्यातून पुण्याला झालेले स्थलांतर ही याची दोन उदाहरणे आहेत. दोघांनीही संस्था सोडली, श्रद्धा सोडली नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. श्रद्धा आणि संस्था यांना एकच समजणारी समीक्षा नेमकी येथेच चुकते.

तिसऱ्या, स्वतः स्वीकारलेल्या शिस्तीच्या बाबतीत लक्ष्मीबाईंचे स्थान अग्रभागी आहे. टिळकांना ती उशिरा गवसली, फोन्सेकांना ती आश्रमाच्या आधाराने साधली. लक्ष्मीबाईंनी ती कोणत्याही आधाराविना, कोणी तिला शिस्त म्हणून ओळखण्यापूर्वीच, आयुष्यभर पाळली. सर्जनशीलतेची जोपासना म्हणजे प्रेरणेची वाट पाहणे नव्हे, हे त्यांच्या चौसष्ट अध्यायांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

समारोप

धर्मश्रद्धा कलावंताची प्रतिभा आकुंचित करते, हा समज प्रस्तुत उदाहरणांच्या आधारे टिकत नाही. त्याचप्रमाणे श्रद्धेची उत्कटता तंत्राची उणीव भरून काढते, हा समजही टिकत नाही. टिळकांच्या सर्वच धार्मिक रचना सारख्या दर्जाच्या नाहीत आणि ज्या उतरल्या आहेत त्या छंदाची कसोटी पार करूनच उतरल्या आहेत. धार्मिक रचनेला समीक्षेने सवलत देण्याची गरज नाही, तसेच तिला दाराबाहेर ठेवण्याचेही कारण नाही. इतर काव्याला लावतो तेच निकष तिला लावावेत, एवढीच अपेक्षा आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावयास हवा. 'केवढे हे क्रौर्य!' शिकवणाऱ्या वर्गात त्याच कवीचा एखादा अभंग तुकारामांच्या अभंगाशेजारी ठेवून वाचता येईल. 'स्मृतिचित्रे'तील उतारा शिकवताना त्याच लेखिकेने महाकाव्याचे चौसष्ट अध्याय रचले आहेत, हे सांगता येईल. मराठी आणि कलेतिहास या विषयांच्या अध्यापकांना एकत्र येऊन पुण्यातील आश्रमपरंपरेचा अभ्यास हाती घेता येईल. मराठी मुलखातील ख्रिस्ती कलावंत हा मराठी संस्कृतीच्या काठावरचा पाहुणा नाही. त्याने ओवी आणि अभंग यांच्याकडून शिस्त घेतली आणि त्यांना नवा आशय दिला. ही देवघेव नोंदवल्याशिवाय या भाषेच्या काव्येतिहासातील एक दालन बंदच राहील.